सिकलसेल म्हणजे ‘थोडं रक्त कमी’ नव्हे

आठवडाभर आमच्या उत्तर नागपुरातल्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतो आहे: ‘सिकलसेलला घाबरू नका. रक्त कमी असतं, एवढंच. बीट, डाळिंब, लोहाच्या गोळ्या द्या. आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन तीन दिवस बघा, अंग दुखलं तर बर्फ लावा. वाहकाला त्रास नसतो, मग तपासणी कशाला?’ माझा मुलगा एसएस पॅटर्नचा आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलचं जनुक येऊन हा रक्ताचा आजार झालेला, नऊ वर्षांचा. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी लोह. या मुलांचं रक्त कमी होतं ते लाल पेशी विळ्यासारख्या वाकून लवकर फुटतात म्हणून. एरवी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवसांत संपते. तिच्यातलं लोह शरीरातच राहतं आणि रक्त चढवलं की त्यात भर पडते. ते यकृतात, हृदयात साठतं. तपासणीत लोह खरंच कमी निघालं तरच गोळी द्यायची. डॉक्टर रोज देतात ती फॉलिक ॲसिडची. बीट-डाळिंब मुलाला आवडत असेल तर खाऊ द्या, पण ते औषध नाही.

‘सौम्य’ हे अगदीच हवेतून आलेलं नाही. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन, एचबीएफ, पुढेही टिकतं आणि पेशीला विळ्यासारखी वाकण्यापासून अडवतं. गुजरातेतल्या अनेक आदिवासी मुलांचा आजार त्यामुळे हलका जातो. पण नागपुरात जन्मापासून तपासत नेलेल्या मुलांमध्ये तो तितका हलका दिसलेला नाही. त्या भरवशावर इथल्या आईने निर्धास्त राहू नये.

तापाचा मुद्दा वाचून मात्र माझा जीव खाली-वर झाला. पानथरी, म्हणजे प्लीहा, रक्तातले जंतू गाळते. सिकलच्या पेशी तिच्यात अडकून अडकून ती लहानपणीच निकामी होत जाते. मग न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत सगळ्या रक्तात पसरतो. पॅरासिटामॉलने काट्यावरचा ताप उतरतो, जंतू तिथेच असतो. १९८६च्या अमेरिकेतल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलिनने लहान मुलांमधला हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. यावरून धोका केवढा ते समजा. १०१च्या वर ताप गेला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, मेयो, मेडिकल ही इथली सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल ते गाठा. आणखी एक: कधी कधी रक्त अचानक पानथरीतच साचतं. मूल पांढरंफटक पडतं, डाव्या बरगडीखाली पोट टणक लागतं. वॉर्डातल्या सिस्टरांनी माझी बोटं धरून ती जागा मला चाचपायला शिकवली होती. प्रत्येक आईने हे शिकून घ्यावं.

बर्फ नकोच. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं. कोमट शेक, भरपूर पाणी, डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी. नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात पाण्याची बाटली हातात हवीच. या मुलांच्या किडन्यांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून शिक्षकांनी त्यांना वर्गातून बाहेर जायला अडवू नये. छातीत दुखून धाप लागली, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तर शेकतही बसू नका. ते फुप्फुसाचं किंवा मेंदूचं असू शकतं.

राहिले वाहक. आई-बाप दोघंही एएस, म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेले वाहक, असले तर दर गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के असते. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल आहे एवढं सांगते. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पुढच्या तपासण्यांनी कळतं. वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणूनच तपासल्याशिवाय पत्ता लागत नाही. आम्हा दोघांना आपण एएस आहोत हे कळलं ते मुलाचे हातपाय सुजल्यावर. तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता, आणि ‘रक्त कमी आहे’ म्हणून दोन महिने लोहाचं औषध घेत होता.