गोट्याचे कान

मैत्रिणीचा ससा म्हातारा होऊन गेला. तिने रडत रडत फोन केला, म्हणाली गोट्याची काहीतरी आठवण ठेवायचीय गं, आणि दोन उंदरांच्या कवट्या साफ केल्याचा दांडगा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी पटकन बोलून गेले, दे इकडे, छान सांगाडा करून देते. तोंडातून शब्द गेला तो गेलाच.

कातडी काढणं आणि पोट रिकामं करणं हा भाग मी इथे गाळते, तुम्ही नुकतेच जेवला असाल. खरी गंमत पुढे आहे. नवऱ्याचं म्हणणं, उकळून टाक, तासाभरात मोकळी होशील. उकळलं की चरबी हाडात मुरून बसते, नाजूक हाडं बिघडतात, हे मी त्याला सांगितलं. मग ब्लीच? ब्लीच तर हाडच खातं, पुढे खडूसारखा भुगा पडतो. म्युझियमवाले डर्मेस्टिड नावाचे किडे ठेवतात, ते मांस चाटूनपुसून साफ करतात, पण लोकर आणि चामडंही त्यांना तितकंच आवडतं म्हटल्यावर नवरा आपल्या लेदर जॅकेटकडे बघून गप्प झाला. उरली बादली. पाण्यात बुडवायचं, फिशटँकचा हीटर लावून पाणी तीसच्या वर कोमट ठेवायचं आणि बाकीचं बॅक्टेरियांवर सोडायचं. याला मॅसरेशन म्हणतात. घरचे याला सडवणं म्हणतात, आणि घरच्यांचंच बरोबर आहे.

झाकण बंद असेपर्यंत आपण सभ्य माणसं असतो. उघडलं की तो वास नाकात जात नाही, थेट केसात जाऊन बसतो, दोनदा नहा नाहीतर चारदा. त्यात पाणी सगळं बदलायचं नाही, अर्धंच ओतायचं, नाहीतर मेहनतीने वाढवलेले बॅक्टेरियाच वाहून जातात, म्हणजे वासाचं बियाणं आपणच जपून ठेवायचं. सासूबाई आठवडाभर घरातली सगळी मोरी-गटारं तपासत होत्या. शेवटी मी बादली दाखवली तर म्हणाल्या, "अगं मग आधी सांगायचंस, मी उगाच प्लंबरला बोलावलं."

मैत्रिणीचा दर रविवारी फोन. "कसाय गं गोट्या?" आता काय सांगणार, पाय सुटले म्हणून? "बरा आहे, वेळ लागेल," एवढंच म्हणायचे.

चारही पंजे वेगवेगळ्या नायलॉनच्या मोज्यांत घालून गाठ मारायची असते, म्हणजे बोटांची बारकी हाडं एकमेकांत मिसळत नाहीत. मी तीन गाठी मारल्या. चौथा मोजा रिकामा निघाला. मग गाळणी, चिमटा, आणि चष्मा लावून बसलेल्या सासूबाई, निवडण्या-टिपण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, डाळीएवढी हाडं त्या पटापट बाजूला काढत होत्या. तरी मागच्या पायाचं पाचवं बोट काही सापडेना. दोघींनी अर्धा तास गाळ उपसला आणि मग फोटो बघितला, तर सशाला मागे चारच बोटं असतात. पाच पुढे असतात. सासूबाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि परत लावला.

कवटी हातात घेतली तेव्हा तर मी रडायचीच बाकी होते. नाकाच्या बाजूचं हाड पार जाळी झालेलं! वाटलं बॅक्टेरियांनी मांसाबरोबर तेही खाल्लं. पण सशाचं ते तसंच असतं, मुळातच जाळीदार, अगदी लेस लावल्यासारखं. आणि वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे लपलेले आणखी दोन बारके दात. तळहातावर घेऊन मी ते किती वेळ बघत बसले होते, वास विसरून.

पुढचे दोन महिने भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात. पाणी गढूळ झालं की बदला, परत गढूळ, परत बदला, एवढ्याशा प्राण्यात एवढी चरबी कुठून येते देव जाणे, आणि ती नीट काढली नाही तर पांढरं केलेलं हाड परत पिवळं पडतं. मग पांढरं करायला 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचं झाकण गच्च लावायचं नसतं, गॅस तयार होतो, हे मला झाकण उडाल्यावर कळलं.

मणके तारेत ओवले, बरगड्या चिकटवल्या, आणि खांद्याच्या पात्यांशी येऊन अडकले. ती बरगड्यांना कुठेच सांध्याने जोडलेली नसतात, सगळा कारभार स्नायूंच्या भरवशावर, आणि स्नायू तर मीच सडवले होते. शेवटी गोंद, तार आणि नवऱ्याचं बोट, जे तीन मिनिटं तिथेच चिकटून राहिलं.

मैत्रीण आली. टेबलाभोवती एक पूर्ण चक्कर मारली, वाकून बघितलं, डोळे भरून आले. मीही भरून आले. मग डोळे पुसत म्हणाली,

"सगळं छान केलंस गं. पण त्याचे कान कुठायत?"