'एक्सेप्ट' म्हणजे 'शिवाय'? मग राजू आला की नाही?

'एक्सेप्ट, बिसाइड्स, अपार्ट फ्रॉम : तिन्हींचा अर्थ शिवाय. कुठलाही वापरा, चालतो.' हा फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. परीक्षा तोंडावर आलेल्या भाचीने तो वहीत उतरवूनही घेतला, तेव्हा गप्प बसवेना.

घोळाचं मूळ आपल्या 'शिवाय'त आहे. 'राजूशिवाय पाच जण आले.' राजू आला की नाही? मराठीत ते मागच्या-पुढच्या बोलण्यावरून कळतं. इंग्रजीने ही दोन कामं वाटून दिलीत: बिसाइड्स बेरीज करतो, एक्सेप्ट वजाबाकी. मायकेल स्वान यांच्या 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज' या इंग्रजी वापराच्या संदर्भग्रंथात फरक याच अधिक-उण्याच्या भाषेत दिलाय. 'फाइव्ह पीपल केम बिसाइड्स राजू' म्हणजे राजू धरून सहा. इथे एक्सेप्ट बसतच नाही, कारण वजा करायला आधी अख्खा गट हवा. ऑल, एव्हरी, एनी, नो असलं काहीतरी. म्हणून 'एव्हरीवन केम एक्सेप्ट राजू'. विम्याच्या कागदावर 'ऑल डॅमेज एक्सेप्ट फ्लड' असेल तर पुराचा छदामही मिळणार नाही. तिथे बिसाइड्स असता तर पूर धरून सगळं मिळालं असतं. आणि म्हणे कुठलाही वापरा!

एवढं मात्र कबूल, की अपार्ट फ्रॉम दोन्हीकडे चालतो. नकारार्थी वाक्यातही फरक पुसट होतो: 'नोबडी केम बिसाइड्स राजू' म्हणजे एकटा राजूच आला. फॉरवर्डवाल्याने बहुधा असलंच एखादं वाक्य पाहून नियम ठोकला.

त्याच फॉरवर्डमधलं 'एक्सेप्टपुढे फॉर लावा किंवा लावू नका' हेही अर्धवट. ऑल, एव्हरीवन यांच्या मागोमाग दोन्ही चालतं. वाक्याची सुरुवातच करायची तर फॉर हवाच: 'एक्सेप्ट फॉर राजू, एव्हरीवन केम'. गट दाखवणारा शब्द नसेल तरीही हवा: 'द रूम वॉज एम्प्टी एक्सेप्ट फॉर अ चेअर'. पुढे दुसरं शब्दयोगी आलं की मात्र फॉर गळतो: 'एक्सेप्ट ऑन संडेज'.

'एव्हरीवन एक्सेप्ट आय' तर सरळ चूक. तिथे 'मी' हवं, आणि हा इंग्रजीतला मी बरं का.

राहिला फॉरवर्डचा शेवटचा मुद्दा: 'अ‍ॅक्सेप्ट आणि एक्सेप्ट ऐकायला सारखेच, स्पेलिंग चुकलं तरी समजून घेतात.' समजून घेतीलही. पण एक्सेप्ट क्रियापदही आहे, अर्थ 'वगळणे'. 'वुई अ‍ॅक्सेप्ट युअर ऑफर' हे ई-मेलमध्ये 'ए'ऐवजी 'ई'ने लिहिलंत, की तुमचा प्रस्ताव आम्ही वगळतो असं कळवून मोकळे झालात.