‘सगळं ऑनलाइन करा, तलाठी घरी पाठवा’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. आधी गावच्या ग्रुपवर आला, मग नातेवाइकांच्या, आणि परवा मावसभावाने पुण्याहून थेट मला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तू या धंद्यात होतास, सांग.’ मेसेजचा मथितार्थ असा: सातबारा ऑनलाइन झाला, त्यामुळे जमिनीच्या नोंदीतली लबाडी संपली. दाखले ऑनलाइन मिळतात, त्यामुळे दलाल संपले. अर्ज ऑनलाइन घेतले की बोगस लोक आपोआप गळतात. एस्टोनिया हा चिमुकला देश सगळं सरकार संगणकावर चालवतो. तक्रारही आता मोबाईलवरून होते. मग तलाठी नि कारकून पोसायचे कशाला?

मी तालुक्याच्या गावी सहा वर्षं सेवा केंद्र चालवलं. त्यामुळे मेसेजमधलं काय खरं आहे तेही मला ठाऊक आहे. उताऱ्यासाठी तलाठीभाऊसाहेबांच्या मागे चार-चार दिवस फिरणारे लोक मी पाहिलेत. भाऊसाहेब कधी मीटिंगला, कधी त्यांच्याकडच्या दुसऱ्या सजाला (सजा म्हणजे तलाठ्याच्या ताब्यातली गावं), आणि दप्तर त्यांच्या घरी. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आता पंधरा रुपयांत, रात्री अकरा वाजतासुद्धा. हे सुख कमी नाही, आणि ते नाकारणारा माणूस बहुधा कधी चावडीवर ताटकळलेला नसतो. तरीही मेसेजमधली विधानं एकेक करून बघू.

पहिलं, सातबारा ऑनलाइन झाला म्हणजे लबाडी संपली.

ऑनलाइन काय झालं? हातानं लिहिलेल्या उताऱ्यांची नक्कल. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. ते टाइप करताना कुणाच्या आडनावाची वाट लागली, कुणाच्या क्षेत्रातला एक शून्य सरकला, कुणाची आणेवारी, म्हणजे जमिनीतला हिस्सा, शेजारच्या खातेदाराच्या नावापुढे बसली. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि आठ-अ वरचं, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनीच्या एकत्र उताऱ्यावरचं, क्षेत्र जुळेना. मग हस्तलिखित आणि संगणकीय उतारा ताडून बघायला चावडी वाचन, म्हणजे गावासमोर उतारे वाचून दाखवणं, झालं, सॉफ्टवेअरमध्ये ‘एडिट’ची सोय आली, त्यानंतर ‘री-एडिट’ची. तरीही ज्या चुका उरल्या त्यांच्यासाठी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज. माझ्या केंद्रात या 155 च्या अर्जांची स्वतंत्र फाइल होती, आणि ती सगळ्यांत जाड होती.

ही झाली चूक. लबाडीचा मुद्दा वेगळा आहे, आणि जास्त खोल आहे. आपला सातबारा हा मालकीचा दाखलाच नव्हे. 1966 च्या त्या कायद्यातलं कलम 157 एवढंच म्हणतं की अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यासारख्या कागदांतली, नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरावी. फेरफाराने, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीने, मालकी मिळत नाही, ती नोंद मुख्यतः महसुलाच्या कामापुरती असते, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हापुन्हा सांगितलंय. अशा कागदावर डिजिटल सही आली म्हणजे एवढंच सिद्ध झालं, की हा उतारा सरकारच्याच संगणकातून निघालाय. त्यावरचा मजकूर खरा आहे की नाही, हे सही सांगत नाही. आणि शेजाऱ्याने दर पावसाळ्यात नांगराचा एकेक तास घेत बांध कोरत आणला असेल, तर ते कुठल्याच सर्व्हरला दिसत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी लागते, आणि मोजणीला माणूस येतो.

आणि मेलेली माणसं? 2025 च्या एप्रिलात सरकारने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. का घ्यावी लागली? कारण डिजिटल सहीच्या, कोऱ्या करकरीत उताऱ्यांवर दोन-दोन पिढ्यांमागची माणसं शेती करत होती. आता गंमत बघा, ती यादी कुणी केली? गावोगावी चावडी वाचन करून तलाठ्याने. कोण कधी वारलं, कुणाला किती मुलं, कोणती मुलगी कुठे दिली, हे डेटाबेसमध्ये नसतं, गावात असतं. (तलाठ्याचं सरकारी नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय. गावात कुणी तसं म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही.) ज्याला घरी पाठवा म्हणून मेसेज फिरतोय, त्याच्यावाचून सातबारा ‘जिवंत’ होत नव्हता.

दुसरं, दलाल संपले.

हे वाचून मला हसू आलं, कारण काही लोकांच्या लेखी दलाल मीच होतो.

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घरबसल्या भरता येतो, हे खरं. पण फोटो 20 केबीच्या आत बसवायचा, कागदांच्या फाइली ठरल्या मापात आणायच्या, ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर मुलगा मुंबईला घेऊन गेलेला. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हर बसला की माझ्या केंद्रासमोर जी रांग लागायची, ती जुन्या कचेरीतल्या रांगेपेक्षा लहान नव्हती. फी ठरलेली असते, फलकावर लिहिलेलीही असते. तरी काही केंद्रांत वरचे पैसे घेतले जातात आणि लोक मुकाट देतात, कारण उद्या शेवटची तारीख असते. टेबलाखालचा हात टेबलावर आला, एवढाच काय तो फरक.

शिवाय, अर्ज पुढे सरकवण्याचं बटण आजही माणसाच्याच हातात आहे. खरेदीखत नोंदलं की माहिती संगणकावरूनच तहसीलला जाते, फेरफार तयार होतो, नोटीस निघते. चांगली सोय आहे. पण पंधरा दिवस हरकतीचे, आणि मग प्रमाणित करणार मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्याच्या वरचा अधिकारी. त्याने आज करायचं की महिन्याने, हा प्रश्न संगणक आल्यावर सुटला नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांत महसूल आणि पोलीस ही दोन खाती वर्षानुवर्षं अग्रभागी असतात. ऑनलाइनचा जमाना आल्यावरही ती तिथून हललेली नाहीत.

इथे कर्नाटकाचं उदाहरण देण्यासारखं आहे. 2000 च्या सुमारास तिथे ‘भूमी’ प्रकल्प आला. दोन कोटींच्या आसपास उतारे संगणकावर गेले, हे झालं वरवरचं. त्यांनी त्याबरोबर एक नियमही संगणकात घातला: ज्याचा फेरफाराचा अर्ज आधी, त्याचं काम आधी. मधला अर्ज उचलून पुढे घ्यायची सोयच ठेवली नाही. आणि काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने अंगठा देऊनच आत शिरायचं, म्हणजे नंतर ‘मी नव्हतो’ म्हणता येणार नाही. रांग मोडण्याचा अधिकार हाच तर विकला जात होता, आणि तोच काढून घेतला. (उतारा मात्र कन्नडमध्ये. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शेतकऱ्याला तो कितीही झटपट मिळाला तरी वाचायला कन्नड यावं लागतं.)

तिसरं, अर्ज ऑनलाइन घेतले की बोगस गळतात. या एका मुद्द्यावर मी रात्रभर बोलू शकतो.

2017 च्या जूनमध्ये कर्जमाफी जाहीर झाली. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंत. पण माफी कुटुंबाला. म्हणून नवरा-बायको दोघांनी यायचं, दोघांचे आधार, दोघांचे अंगठे, आणि प्रत्येक कर्जाची माहिती स्वतः शेतकऱ्याने भरायची. विचार करा, ज्याला सोसायटीच्या खात्याचा क्रमांक पाठ नाही, थकबाकीची तारीख माहीत नाही, त्यालाच ती विचारायची. आणि जिच्याकडे सगळी माहिती आहे, ती बँक समोरच्या इमारतीत! तीन-तीन वेळा अंगठा उमटायचा नाही. खुरपं धरून रेषाच झिजलेल्या. बायका रात्री नऊला केंद्राच्या पायरीवर बसून असायच्या. दिवाळीत समारंभ झाले, प्रमाणपत्रं वाटली गेली. मग कळलं की अर्जातली माहिती आणि बँकेतली माहिती जुळत नाही. बँकेत खातं माणसाचं, योजनेत हिशेब कुटुंबाचा, मग जुळणार कसं? याद्या परत बँकांकडे. ‘ग्रीन लिस्टमध्ये (म्हणजे माफीला पात्र ठरलेल्यांच्या यादीत) नाव आलं का हो?’ हा प्रश्न पुढे कित्येक महिने मी दिवसातून पन्नासदा ऐकला.

मग 2019 च्या अखेरीस दुसरी कर्जमाफी आली, महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची, दोन लाखांपर्यंत. सरकारं कुणाची होती हे बाजूला ठेवा, मला त्यात रस नाही. या वेळी अर्जच नव्हता. माहिती बँकांनी भरली. प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक, यादी गावात लावलेली. शेतकऱ्याने यायचं, आपली रक्कम पडद्यावर बघायची, मान्य असेल तर अंगठा द्यायचा आणि पावती घेऊन घरी. अमान्य असेल तर तक्रार जिल्हास्तरीय समितीकडे. माझ्या केंद्रात तोच संगणक होता, तेच अंगठ्याचं यंत्र, तीच लोडशेडिंगची वीज. पण पहिल्या वेळी एका शेतकऱ्याला जिथे तास लागत होता, तिथे आता दहा मिनिटं पुरत होती.

दोन्ही वेळा कारभार ऑनलाइनच होता. पण दुसऱ्या वेळी कुणीतरी आधी बसून विचार केला, की ही माहिती कुणाकडे असते, आणि आपण ती कुणाला विचारतोय.

हा विचार नसला की काय होतं, ते 2025 च्या सप्टेंबरात पुन्हा दिसलं. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईचा स्वतःचा आधार, आणि शिवाय पतीचा किंवा वडिलांचा. दोघांचे ओटीपी. मग जिचा नवरा वारलाय आणि वडीलही हयात नाहीत, तिने ओटीपी कुणाचा आणायचा? म्हणजे जिला पंधराशे रुपयांची सगळ्यांत जास्त गरज, तिथेच फॉर्म अडला. पुढे मुदत वाढवावी लागली आणि अशा बायकांची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली. म्हणजे पुन्हा गावातल्या माणसाकडेच. बोगस गळायचे तेव्हा गळतील, आधी विधवा गळत होत्या.

चौथं, एस्टोनिया. हे नाव टाकलं की मेसेजला जरा वजन येतं.

एस्टोनियाची लोकसंख्या तेरा लाखांच्या घरात, पुणे शहराच्या निम्मीसुद्धा नाही. पण हे कारण पुढे करून मी सुटणार नाही, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं खरंच आहे. 2001 साली त्यांनी एक्स-रोड नावाची व्यवस्था उभी केली. प्रत्येक खात्याची माहिती त्याच खात्याकडे राहते आणि गरज पडेल तेव्हा दुसरं खातं ती तिथूनच विचारतं. त्याला जोडून तत्त्व असं, की सरकारकडे एकदा दिलेली माहिती सरकारने नागरिकाला दुसऱ्यांदा मागायची नाही. आपल्याकडे तहसीलदाराने दिलेला उत्पन्नाचा दाखला त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यात झेरॉक्स काढून, वर स्वतः साक्षांकित करून द्यावा लागतो. तिथल्या माणसाला हेही बघता येतं, की आपली माहिती कोणत्या अधिकाऱ्याने कधी उघडली. हे आपल्याकडे आणा, मी पेढे वाटीन.

पण हे सॉफ्टवेअर विकत आणून झालेलं नाही. त्यामागे कायदे आहेत. त्यांच्या जमिनीच्या नोंदवहीवर विसंबून व्यवहार करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या सातबाऱ्यासारखं ‘उलट सिद्ध होईपर्यंत’वर ते थांबत नाही. आणि इतकं सगळं असूनही लग्न, घटस्फोट आणि घराची खरेदी-विक्री या तीन गोष्टींसाठी माणसाने समोर यायचं, असं तिथे अगदी अलीकडेपर्यंत होतं. 2017 मध्ये त्यांच्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला, साडेसात लाखांच्या आसपास कार्डं धोक्यात आली. सरकारने स्वतः पुढे येऊन ते जाहीर केलं. असं काही निस्तरायला माणसं लागतात. कचेऱ्यांना कुलूप लावलेला देश हे असं करू शकला नसता.

उरली मोबाईलवरची तक्रार. ती करता येते, निकाली निघते, आणि बहुतेक वेळा फक्त निघते. मी एका कचेरीबद्दल पोर्टलवर तक्रार केली होती. ती फिरत फिरत त्याच कचेरीकडे गेली, त्यांनी ‘कार्यवाही केली आहे’ असं लिहिलं आणि माझ्या मोबाईलवर निकाली निघाल्याचा संदेश आला. कार्यवाही कोणती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यापेक्षा ज्याबद्दल कुणी मेसेज फिरवत नाही ते हत्यार बरं: 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम. या कायद्याखाली जाहीर केलेल्या सेवेला मुदत ठरलेली असते. चुकली तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी आयोगाकडे. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती. अर्ज ऑनलाइन केला की तारीख आणि क्रमांक छापलेली पावती निघते, आणि अपील त्या पावतीवर उभं राहतं. पूर्वी ‘अर्ज आलाच नाही’ म्हणायची सोय होती. माझ्या मते या सगळ्या संगणकीकरणाने सामान्य माणसाला दिलेली सगळ्यांत मोलाची वस्तू ही पावती आहे, आणि बहुतेक लोक ती केंद्राच्या दारातच चुरगाळून टाकतात.

हे सगळं मी मावसभावाला लिहून पाठवलं. त्याचा फोन आला. मेसेजबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, ‘आपल्या जमिनीच्या गटावर अजून आजोबांचंच नाव आहे रे, मी परवा उतारा काढून बघितला. वारसनोंद पुण्यात बसून होईल का?’ म्हटलं, अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून टाकता येईल, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं जोड, आत्यांची नावं वगळू नकोस. पुढे तलाठी चौकशी करेल, नोटीस चावडीवर लागेल, हरकत आली नाही तर पंधरा दिवसांनी मंडळ अधिकारी नोंद मंजूर करेल. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आपल्याकडे सध्या तलाठी कोण आहे? नंबर असेल तर पाठव ना.’