कागद नाही, मग भाडेकरूले हक्क कायचा?

फाट्यावरच्या टपरीसमोर, ओट्यावर काल चांगलीच जुंपली. उपकेंद्रातल्या नर्सताई भाऊसाहेबांच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात, दर महिन्याला भाडं फोनवरून टाकतात. आता भाऊसाहेबांना लेकाच्या लग्नासाठी खोल्या हव्यात.

"आयतवारपावतर खाली करा म्हनलं मी," भाऊसाहेब म्हणाले. "माह्यं घर हाये. कागद नाही, पत्तर नाही."

किराणावाला लगेच सरसावला. "बराबर हाये. कागदच नाही त हक्क कायचा?"

"उलटं हाये बाप्पा," तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करणारे काका म्हणाले. "काही ठरलं नाही, तवाच कायदा मधात येते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०६. राहाले घर देल्लं अन् मुदत बोलली नाही, त ते महिन्यामहिन्याचं भाडं. काढाचं असन त पंधरा दिवसाची नोटीस. लेखी, सहीची. अन् ताईले सोडाचं असन त तिलेबी पंधरा दिवस आधी सांगा लागते."

"अन् तिनं घेतलीच नाही त?"

"पोस्टानं धाड, नाही त तिच्या घरच्याच्या हाती दे. तेबी जमलं नाही त दिसन अशी दारावर चिकटव."

गुरुजींनी जुनी आठवण काढली. पूर्वी नोटिशीची मुदत भाड्याचा महिना संपतानाच संपावी लागायची, आणि तारीख एका दिवसाने चुकली तरी वकील दावा उडवायचे. २००२ च्या दुरुस्तीनंतर नोटीस मिळाल्यापासून दिवस मोजतात. (वावर मक्त्यानं देण्याचं यात कोणी आणू नये. त्याचे कायदे निराळे.)

खरा वाद पेटला तो पुढे. गुरुजी म्हणाले, "१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे ना? भाडं वेळेवर येतंय तोवर असं सहज काढता येत नाही. त्यात कराराची नोंदणी करायची जबाबदारीही मालकाचीच."

"तो अनुसूचीत, म्हंजे कायद्याच्या यादीत, नाव असलेल्या जागालेच लागू," काका म्हणाले. " नागपूरले लागते, आपल्या गावाले नाही."

"यादी पाहिली का तुम्ही?"

काका गप्प. गुरुजींचा मुद्दा मला पटला. त्या यादीवर एवढं सगळं अवलंबून असताना कट्ट्यावर कोणी ती उघडत नाही, आवाज मात्र सगळ्यांचा चढतो.

भाऊसाहेब वैतागले. "मंग लाइनच कापतो. नाही त कुलूप लावतो."

"अन् ताई कोर्टात गेली त?" काका उसळले. "पंधरा दिवस सरले म्हनून तिचं सामान बाहेर फेकता येत नाही, दावा टाका लागते. जबरीनं काढलं त १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ती ताबा मांगू शकते. मंग ऐन लग्नात कोर्टाचा चक्कर."

किराणावाल्याने बाजू बदलली. "मी त पयलेच म्हनलो होतो, अकरा महिन्याचा लिव्ह अँड लायसन्स, म्हंजे राहाच्या परवानगीचा करार करा." पहिले तो असं काही म्हणाला नव्हता. पण सल्ला वाईट नाही: मुदत ठरते, आणि ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, वर थोडी स्टॅम्प ड्युटी.

शेवटी भाऊसाहेब नरमले. "टाइप करून द्या मंग नोटीस."

"देतो. पन एक ध्यानात ठेवजा. मुदत सरल्यावर पुढचं भाडं घेतलं त ते नोटीस सोडून देल्ली असं कोर्ट धरू शकते."

"अन् ते त फोनवर आपोआप येऊन पडते!"

"मंग वापस पाठवजा."

"कसं पाठवतेत ते?"