खुलासा: इंडोनेशियाने कोळशाची वीज बंद केलेली नाही

‘इंडोनेशियाने निकेलची निर्यात थांबवली आणि श्रीमंत देशांच्या २० अब्ज डॉलर मदतीतून कोळशाची वीजही बंद केली,’ असा मजकूर फिरतो आहे. त्यात बरीच गल्लत आहे.

जानेवारी २०२० पासून बंदी आहे ती कच्च्या निकेल खनिजाच्या निर्यातीवर. प्रक्रिया केलेले निकेल बाहेर जातेच. किंबहुना खनिज देशातच वितळवले जावे म्हणूनच ही बंदी आली आणि सुलावेसी बेटावरच्या मोरोवालीत, हालमाहेरा बेटावरच्या वेदा बे इथे भट्ट्यांची रांग उभी राहिली. आज जगात खाणींतून निघणारे निम्म्याहून अधिक निकेल इंडोनेशियाचे आहे. मेख अशी, की या भट्ट्यांची वीज बहुतांशी उद्योगांच्या स्वतःच्या कोळसा केंद्रांतून येते. म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीसाठी कोळसा जाळायचा! (तसे या निकेलचा मोठा वाटा स्टेनलेस स्टीलमध्येच जातो, हेही त्या मजकुरात नाही.)

२०२२ च्या राष्ट्राध्यक्षीय नियम क्रमांक ११२ ने नव्या कोळसा केंद्रांना मनाई केली खरी. पण आधीच ठरलेल्या आणि अशा उद्योगांसाठीच्या केंद्रांना अटींसह सूट दिली. देशाची ६० टक्क्यांच्या आसपास वीज अजूनही कोळशाचीच आहे.

राहिले ते २० अब्ज. नोव्हेंबर २०२२ मध्ये बालीच्या जी-२० परिषदेवेळी जाहीर झालेली ही रक्कम बव्हंशी कर्जाची. अनुदान अगदी थोडे. शिवाय या मदत योजनेतून अमेरिका २०२५ मध्ये बाहेरही पडली.