ओकारीचे वीस रुपये

रविवारी रात्री रत्नागिरीहून परत आलो आणि सोमवारी सकाळी ऑफिसात जरा कुठं टेकतोय तोवर मोबाईलवर ट्रिपचा हिशोब येऊन पडला. डिझेल, लॉज, मासे, चहापाणी, सगळं भागिले चार. आणि सगळ्यात खाली एक ओळ, फक्त माझ्या एकट्याच्या नावावर: 'ओकारी – २०'.

आता हे वीस रुपये कुठले ते सांगतो.

आम्ही सांगलीची माणसं, म्हणजे पाक सपाटीची. आमच्याकडं उंची मोजतात ती आयर्विन पुलाजवळ, आणि ती पण पुराच्या पाण्याची. पण म्हणून मला घाट लागतो असं अजिबात नाही हां, आंबा घाट मी स्वतः गाडी चालवत किमान दहा वेळा उतरलोय, कधी साधी ढेकर आली नाही. ह्या वेळेला गाडी हळदवाल्याची होती (आमचा मित्र, मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे, नवीन गाडी घेतलीय आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही), पुढं मास्तर बसलेला कारण त्याचे पाय लांब, आणि मला मागं इन्शुरन्सवाल्याशेजारी डिकीत न मावलेल्या बॅगांना खेटून बसवलेलं कारण मी म्हणे बारीक आहे. कोल्हापुरात मिसळ झाली, वरनं दोनदा कट मागून घेतला, तो माझा गुन्हा मान्य. पण मलकापूर सोडल्यापासनं मी मान खाली घालून मोबाईलवर काय करत होतो? तर लॉजवाल्याशी भांडत होतो. बुकिंग मी केलेलं, ॲडव्हान्स मी भरलेला, आणि तो आता म्हणत होता दोन नाही, एकच रूम आहे. बाकीचे तिघं भडंग खात घाटाचे व्हिडिओ काढत होते.

अख्खा घाट उतरलो. काही झालं नाही. खाली साखरप्याच्या अलीकडं रस्ता सरळ झाला आणि मी म्हणालो, "लेका, गाडी थांबव."

थांबली ती नेमकी एका चहाच्या टपरीसमोर. मी फणसाच्या झाडाला हात टेकून वाकलो आणि मागनं आवाज आला, "सांगली काय?"

वाकलेल्या अवस्थेतच मान हलवली. मास्तर म्हणाला, "नंबरप्लेट बघितली काय मामा?"

"नाय वो, ओकन्यावरनं सांगितला."

हे मामा म्हणजे साठीचे, अंगात बनियन, कमरेला टॉवेल, हातात अर्धं लिंबू तयार. टपरीवर चहा कमी आणि ओकारीची सोयच जास्त, आवळासुपारीची बरणी, आमसुलाची बरणी, कापलेल्या लिंबाची ताटली, आणि बाकड्याखाली चुलीतल्या राखेचं डबडं, त्यात राख काढायला नारळाची करवंटी. माझं एक आवर्तन झालं की मामा करवंटीभर राख आणून त्यावर टाकणार, शेतात खत टाकावं तशी, आणि परत मागं जाऊन वाट बघत उभे राहणार.

"सोलापूरवाला," मामा तिघांना सांगत होते, "घाट लागायच्या आधीच पिशवी धरून बसतो, डोंगर बघूनच त्याला कसंतरी होतंय. कोल्लापूरवाला खाली उतरला की पयला बोलतो, मला घाट लागत नाय, रात्रीचा मटण जड झाला. पुन्याचा पिशवीत करतो आनि पिशवी बरोबर घेऊन जातो. मी बोल्लो, ठेवा हितं, मी टाकतंय. नको बोल्ला."

"आणि सांगलीचा?" हळदवाल्यानं चहा फुंकत विचारलं. माझा मित्र. बालवाडीपासनंचा.

"सांगलीचा 'काय नाय, काय नाय' करत अख्खा घाट उतरतो. सगळी वळणा सरली, रस्ता सरळ झाला, की मग ओकतो."

तिघं अक्षरशः बाकड्यावर लोळले. मी तिकडं डोळ्यांतनं पाणी काढतोय आणि हे लोळतायत. इन्शुरन्सवाल्यानं तर व्हिडिओ घेतला, मामांचा आवाज नीट यावा म्हणून जवळ जाऊन.

मग मामा माझ्याकडं वळले, लिंबू नाकाखाली धरलं आणि म्हणाले, "मोबाईल बघत होतात ना? तुमचा डोळा मोबाईलात, कान घाटात. दोघांचा जमत नाय, मग पोट मधे पडतंय."

मला तेव्हा हे थोतांड वाटलं. घरी येऊन डॉक्टर मेव्हण्याला विचारलं तर तो म्हणतो बरोबरच आहे की, कानाच्या आतल्या भागाला वळणं कळत असतात, डोळ्यांना स्क्रीन जागच्या जागी दिसते, मेंदूचा गोंधळ उडतो. गाडी चालवणाऱ्याला वळण आधीच ठाऊक असतं म्हणून त्याला होत नाही. म्हणजे मामा बरोबर. हे जास्त लागलं मला.

उठताना पैसे विचारले. चार चहा, एक लिंबू, एक पाण्याची बाटली. "आनि राखंचे वीस."

"राखेचे?"

"मग? चुलीत लाकडा फुकट येतात काय?"

हळदवाल्यानं देऊन टाकले. मला वाटलं, मित्र आहे.

रत्नागिरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी पहिला दिवस लॉजच्या (एकाच) रूममध्ये पडून काढला. हे तिघं भाट्याच्या समुद्रावर. दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेस बघितला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतलं आणि त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ ला बिचारा इथंच गेला. मास्तर हे सगळं सांगत होता आणि मी एकच विचार करत होतो, की त्याला बोटीनं आणलं हे बरं झालं. राज्य गेलं ते गेलं, पण मामांच्या हाती नाही सापडला.

जेवायला सुरमई, पापलेट, सोलकढी. त्यांना. मला दहीभात. दोन दिवसांत माशांचं बिल चार हजारांच्या वर, भागिले चार. दहीभात ऐंशी रुपये, तोही भागिले चार, म्हणजे ह्यांच्या मते मी त्यांच्यावर उपकार केले नाहीत, त्यांनी माझ्यावर केले.

परत येताना मी गोळी घेऊन पुढच्या सीटवर, मास्तर पाय दुमडून मागं. मोबाईल खिशात. टपरी आली तशी हळदवाल्यानं मुद्दाम गाडी थांबवली. मामांनी लांबनंच ओळखलं, लिंबू उचललं, आणि मी सरळ चालत बाकड्यावर येऊन बसलो तर त्यांचं तोंडच उतरलं.

"आज नाय?"

"नाही."

"बरा," म्हणाले, आणि करवंटी परत डबड्यात ठेवली. मग फणसाकडं बोट दाखवून, "घाट चढायचा हाय अजून. जागा ऱ्हाऊ दे तशीच, माघारी यावा लागला तर?"

इन्शुरन्सवाल्यानं हे पण शूट केलं. आता ग्रुपचा डीपी तो फणस आहे.

मी काल सगळे पैसे पाठवले, वीस कापून. तेव्हापासनं ग्रुपवर दुसरा विषय नाही. हळदवाला म्हणतोय राख तुझ्यासाठी टाकली. मी म्हणालो, सुरमई काय माझ्यासाठी तळली होती? त्यावर त्यानं दहीभाताचं बिल टाकलंय.