'अजून सोडियम वाढलं कसं नाही?'

घरातलं वयस्कर माणूस रक्तातलं सोडियम कमी झालं म्हणून ॲडमिट झालं की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा स्कोअरबोर्ड होतो. काल सकाळी ११४, रात्री ११८, आज सकाळी १२१. लगेच कुणीतरी विचारतं, 'एवढंच? नॉर्मल तर १३५ असतं ना? दुसरीकडे हलवा!'

मी म्हणेन, हलवू नका. सोडियम सावकाश चढतंय म्हणजे बहुधा उपचार नीट चालू आहेत.

सोडियम बरेच दिवस कमी असलं की मेंदूच्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. मग ते भराभर वर नेलं तर पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि मज्जातंतूंवरच्या आवरणाला इजा होऊ शकते. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की हे त्या दिवशी कळतच नाही. रिपोर्ट छान, घरचे खूश, आणि दोन-चार दिवसांनी माणसाला बोलता-गिळता येईनासं होतं. म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त वाढवायचं नसतं. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर ३ टक्क्यांचं सलाइन देऊन पहिल्या काही तासांत ४ ते ६ ने वर आणतात, पण दिवसाची मर्यादा तिथेही सुटत नाही.

आता टॉलव्हॅप्टन, म्हणजे उतरलेलं सोडियम वर आणायची एक गोळी. माझ्या काकांचं फुप्फुसाच्या आजारात सोडियम उतरलं तेव्हा ती दिली होती. त्यांच्या अंगात मीठ कमी नव्हतं, पाणी जास्त साठत होतं. ही गोळी किडनीला मीठ राखून नुसतं पाणी बाहेर टाकायला लावते. लघवी प्रचंड होते, तहानही तशीच लागते. आदल्या दिवसापर्यंत 'दिवसाला एक लिटरच पाणी' असं बजावलेलं, त्यामुळे काकू इमानेइतबारे पेला लपवून बसल्या होत्या! गोळी सुरू झाल्यावर, विशेषतः पहिल्या २४ तासांत, पाणी तोडायचं नसतं, तहान लागेल तसं द्यायचं असतं. हे राउंडला कुणी सांगितलंच नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने पाहिलं म्हणून बरं. एवढं एक वाक्य नातेवाइकांना सांगायला किती वेळ लागतो?

अमेरिकेत २००९ साली या गोळीला मान्यता मिळाली तीच या अटीवर, की सुरुवात हॉस्पिटलमध्येच, वरचेवर सोडियम तपासत करायची. २०१३ मध्ये लिव्हरच्या धोक्यामुळे ३० दिवसांची मर्यादाही आली. आणि आपल्याकडे ग्रुपवर सल्ला काय, तर 'आमच्या सासऱ्यांना १५ एमजीने फरक पडला, मेडिकलमधून आणा'!

शिवाय पुष्कळ आज्यांचं सोडियम उतरतं ते बीपीच्या गोळीतल्या हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोनमुळे. तिथे बहुतेक वेळा डॉक्टर आधी तीच गोळी थांबवतात. टॉलव्हॅप्टनचा विचारही करावा लागत नाही. तेव्हा ॲडमिट करताना चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या, आणि रोजच्या आकड्याबरोबर 'आज पाणी किती द्यायचं?' हेही विचारा.